ह्यांचं टरबूज आणि माझं नाक

मला टरबूज आवडत नाही म्हटलं की लोक हसतात. कारलं आवडत नाही म्हणा, शेपू आवडत नाही म्हणा, ते लोकांना पटतं. पण टरबूज? ते कुणाला आवडत नाही? मला नाही आवडत. आणि नुसतं आवडत नाही असंही नाही, मला त्याची किळस येते. दाताखाली आलं की आधी करकरतं आणि लगेच त्याचं पाणी होतं, म्हणजे ते चावायचं की प्यायचं हेच ठरवता येत नाही. आणि तो वास! कापल्याबरोबर जो थंडगार, गोडूस, कच्चा वास सुटतो, तो माझ्या घशाच्या मागं जाऊन बसतो आणि रात्रीपर्यंत हलत नाही. लहानपणी लासूर स्टेशन गावात आमच्या घरी टरबूज कापायला घेतलं की मी बाहेर जाऊन बसायचे. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यातच मी ह्यांना हे सांगून टाकलं होतं. ह्यांनी मान डोलावली आणि त्यानंतर आमच्या घरात टरबूज आलं नाही. मी ह्या बाबतीत स्वतःला नशीबवान समजायचे.

गेल्या पावसाळ्यात हे रिटायर झाले. वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं. तयार झालेला प्रत्येक नग ह्यांच्या टेबलावर यायचा, हे गेज लावून माप बघायचे आणि मग तो एक तर पास व्हायचा, नाहीतर लाल खोक्यात जायचा. आम्ही राहतो चिकलठाण्याला, म्हणजे शहराच्या ह्या टोकाला, आणि कंपनी त्या टोकाला. कंपनीची बस जालना रोडवरून माणसं गोळा करत जायची. आयुष्यातला किती काळ ह्यांनी त्या बसमध्ये काढला याचा हिशेब मी कधी केला नाही. बसमध्ये मागच्या सीटवर बसतात, एवढंच मला माहीत होतं. बसमध्ये काय चालतं हे बायकोला कुठून कळणार?

रिटायर झाल्यावर शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणं झाली. पहिले काही दिवस फोनही यायचे. मग ते कमी झाले. हे दुपारी चप्पल घालून जालना रोडच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहायचे. पहिल्या शिफ्टची बस परत यायची ती वेळ. खिडकीतून कुणीतरी हात करायचं, हेही हात करायचे आणि घरी यायचे. पुढं बसचा रस्ता बदलला, ती बायपासनं जायला लागली आणि तेही संपलं. मग हे मोबाइल घेऊन खुर्चीत बसायचे. वाजला की दचकून उचलायचे. "कुणाचा?" मी विचारायचे. "कुणाचा नाय. लोन पाहिजे का म्हणत होता," हे म्हणायचे. बागेत फिरायला जाणाऱ्यांचा एक ग्रुप होता, त्यात जा म्हटलं, तर म्हणाले, "ते सगळे बँकेतले लोक हायत. त्यांच्याशी मी काय बोलू?"

ह्याचा मला त्रास व्हायचा. पण त्या त्रासात किळस नव्हती. किळस आली ती थंडी संपल्यावर.

एके दिवशी हे बाहेरून आले ते स्कूटीवर पायांच्या मधे एक भलंमोठं टरबूज घेऊन. मला वाटलं शेजाऱ्यांचं असेल. तर सरळ उचलून घरात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

"हे काय?" मी विचारलं.

"टरबूज."

"दिसतंय मला. आपल्या घरात कशाला?"

"खायाला आणलं."

"तुम्हाला आवडतं?"

"लई," हे म्हणाले, अगदी मनापासून. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याची एखादी आवड आपल्याला माहीतच नसावी याचा मला धक्का बसला. तोवर ह्यांनी सुरी घातलीसुद्धा. रस ओट्यावरून वाहत शेगडीखाली गेला, तिथून खाली भांड्यांच्या ट्रॉलीत. वास उठला. मी पदर नाकाला लावून हॉलमध्ये गेले. ह्यांनी उभ्या उभ्या अर्धं टरबूज संपवलं आणि उरलेलं अर्धं, उघडंच, फ्रीजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुधाला तोच वास, दह्याला तोच वास, आणि मळून ठेवलेल्या कणकेलाही तोच वास. मी ती कणीक गाईला घातली.

त्यानंतर रोजचंच झालं. हे सकाळी उठून फळवाल्यांच्या गाड्यांवर जायचे आणि एकेका टरबुजावर टिचकी मारून, कान लावून, बुडाचा पिवळा डाग बघून, देठ वाळलाय का बघून एक निवडायचे. घरी आले की मला त्याचं व्याख्यान. ठणठण वाजलं तर कच्चं, भदभद वाजलं तर उतरलेलं, मधला आवाज पाहिजे. मी शिलाई मशीन चालवत राहायचे. मी घरीच ब्लाउज शिवते, आणि लग्नसराईचे दिवस होते. एकदा ह्यांनी मोठ्या कौतुकानं एक फोड माझ्या तोंडासमोर धरली आणि तिचा थेंब एका गिऱ्हाइकाच्या पैठणीच्या ब्लाउजवर पडला. मोतिया रंगाचा ब्लाउज होता. गुलाबी डाग. मी त्या दिवशी काय बोलले ते इथं लिहिता येण्यासारखं नाही.

त्यात आमच्याकडे नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, तेही आलं तर. टाकीतलं पाणी आम्ही वाटीनं वापरतो. आणि इथं फरशी चिकट, ओटा चिकट, दाराच्या मुठी चिकट, टीव्हीचा रिमोट चिकट. अनवाणी चालावं तर तळपाय फरशीला धरून ठेवायचे. मुंग्यांनी पार स्वयंपाकघरापासून देव्हाऱ्यापर्यंत रांग लावली. सोफ्याच्या फटीत बिया, अंथरुणात बिया, एकदा तर माझ्या पोळीत बी निघाली. सालींचा ढीग घंटागाडी येईपर्यंत दारात, आणि त्याच्यावर माश्या. घंटागाडीवाला मला म्हणाला, "मावशी, घरात रसवंती टाकली का काय?"

ह्या सगळ्यात तेल ओतायला आमची लेक. ती पुण्याला नोकरी करते. व्हिडिओ कॉलवर तिनं बापाला टरबूज खाताना बघितलं आणि तिला इतका आनंद झाला की विचारू नका. "पप्पा किती दिवसांनी हसताना दिसले!" म्हणाली. आणि मग पार्सलं सुरू झाली. आधी टरबुजाच्या फोडीच्या आकाराची उशी. मग टरबुजाची छत्री. मग पायपुसणं. मग भिंतीवरचं घड्याळ, ज्यात बारा आकड्यांच्या जागी बारा बिया. हिरव्या पट्ट्यांचा, पोटावर लाल असा टी-शर्ट, तो घालून हे कॉलनीत फिरायचे आणि पोट असं की लांबून खरंच फळ चाललंय असं वाटावं. शेवटी तिनं टरबुजाच्या वासाचा साबण पाठवला. आमचा साबण संपला होता म्हणून मी एके दिवशी डोळे मिटून तो लावला. दिवसभर मला माझ्याच अंगाची शिसारी येत होती. संध्याकाळी टाकीतलं राखून ठेवलेलं पाणी काढून मी पुन्हा अंघोळ केली, पिठानं अंग घासून.

ह्यांनी मोबाइलवर बघून सालीच्या पांढऱ्या भागाची भाजी केली. मी नको म्हणत असताना केली. तेलात मोहरी टाकली, हिंग टाकला, इथवर घरात माणसासारखा वास होता. मग ती फोड पडली. ह्यांनी ताटात वाढून घेतली, दोन घास खाल्ले आणि मला म्हणाले, "दुधी भोपळ्यासारखी लागती." मला दुधी आवडतो. त्या दिवसापासून दुधीसुद्धा नकोसा झाला.

एक दिवस माझा बांध फुटला. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं, हे खुर्चीत बसून मांडीवर ताट घेऊन फुरके मारत होते, आणि रस कोपरावरून टिपटिप खाली पडत होता. मी मशीन थांबवलं आणि म्हटलं, "आता एक तर हे फळ राहील नाहीतर मी राहीन. कुणी एवढं खातं का? अहो, पोट आहे का टाकी?"

ह्यांनी हातातली फोड ताटात परत ठेवली आणि म्हणाले, "मलाबी जात नाय आता."

"मग आणता कशाला?"

"टरबूज का एकट्यानं खायाचं फळ हाय? एवढं मोठं असतं ते. चार माणसं पाहिजेत, हसणं-खिदळणं पाहिजे. एकट्यानं खाल्लं की नुसतं पाणी लागतं."

मग ताट खाली ठेवून हे एकदम म्हणाले, "आपण पार्टी करू. हुरडा पार्टी करतात ना, तशी टरबूज पार्टी. बसमधल्या सगळ्यांना बोलावतो. अंगणात मांडव टाकू."

तेव्हा मला कळलं की ह्या माणसाला टरबूज नको होतं. बसमधली माणसं हवी होती, आणि ती आता आपली राहिली आहेत की नाहीत हे बघायचं होतं. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी ताटातल्या त्या लाल पाण्याकडे बघून मळमळतही होतं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "करा."

मग फोन. हे सकाळपासून खुर्चीत बसून एकेकाला फोन लावायचे. पलीकडून आवाज यायचा, "येतो की काका! येतो म्हणजे काय, येणारच!" हे खूष व्हायचे. मी मात्र पलीकडच्या आवाजाकडे कान लावायचे. आमच्या भागात आमंत्रणाला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. "येतो की" म्हणजे येतो असंही असतं आणि येत नाही असंही असतं, आणि ज्याला कधी आमंत्रणं देऊन बघायची वेळ आली आहे त्याला आवाजावरून फरक कळतो. ह्यांना कळत नव्हता. हे आयुष्यभर बसमध्ये बसलेले. ह्यांना कुणाला कधी बोलवावंच लागलं नव्हतं. बस यायची आणि माणसं तिच्यात असायची.

आणि टरबुजं कुठून आली? माझ्या माहेरातून! माझ्या सख्ख्या भावानं ह्या वर्षी मल्चिंगचा कागद अंथरून, ठिबक लावून टरबूज केलं होतं. मी फोनवर त्याला म्हटलं, "तू बी का?" तर म्हणाला, "ताई, दाजींनी सांगितलं म्हणून ठेवलेत निवडून. एक नंबर माल हाय. तुला काय त्रास?" पार्टीच्या आदल्या दिवशी तो पिकअप घेऊन आला आणि आमच्या अंगणात टरबुजांचा ढीग लावून गेला. तुळशीजवळ टरबुजं, जिन्याखाली टरबुजं, माझ्या वॉशिंग मशीनच्या कडेला टरबुजं. मी दाराला कडी लावून घेतली.

संध्याकाळी बाहेर आले तर ह्यांनी अंगणात लाकडी पाट मांडला होता. एका हातात लहान पातळ सुरी, चष्मा नाकावर. एक टरबूज पाटावर घ्यायचे, त्याच्या कुशीत सुरीनं त्रिकोणी खाप पाडायचे, ती खाप ओढून बाहेर काढायचे, उजेडात धरून रंग बघायचे, आणि मग पुन्हा होती तशी दाबून बसवायचे. गाडीवाले गिऱ्हाइकाला लाल दाखवायला करतात ना, अगदी तसंच. मग ते टरबूज उजवीकडे ठेवायचे आणि दुसरं घ्यायचे.

"हे काय चाललंय?"

"तपासतोय. एखादं पांढरं निघालं तर उद्या सगळे हसतील. माझ्या हातून पांढरं जायाचं नाय."

"सगळी तपासणार?"

"मग! एक बी नग तपासल्याशिवाय जायाचा नाय."

एकही नग पांढरा निघाला नाही. हे उठले तेव्हा कंबर धरून उठले, पण चेहरा असा की मी खूप महिन्यांनी बघितला. सगळ्या टरबुजांवर ह्यांनी ओली गोणपाटं टाकली, गारवा राहावा म्हणून, आणि झोपायला गेले. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मी त्या फळाबद्दल इतकी अडाणी होते की मला वाटलं, असंच करत असतील.

सकाळी मला वासानं जाग आली. आधी कळेना कसला. नेहमीचा कच्चा गोडूस वास नव्हता. आंबट होता, नाकात चढणारा, ताडीच्या दुकानासमोरून गेल्यासारखा. आमच्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा भिंती गरम असतात. मी अंगणात जाऊन एक गोणपाट उचललं. खालच्या टरबुजाची खाप आपोआप पुढं सरकली होती आणि फटीतून गुलाबी फेस येत होता. फसफस आवाज येत होता. शेजारच्यातूनही येत होता. सगळ्यांतूनच. फेस फरशीवर उतरून तुळशीकडे चालला होता, त्यात चिलटं पडली होती आणि एवढ्या सकाळी कुठून आल्या कोण जाणे, पण गांधीलमाश्या घोंघावत होत्या. मी तिथंच भिंतीला धरून ओकले.

हे बाहेर आले. टरबुजाची हिरवी टोपी घालून आले होते, लेकीनं पार्टीसाठी खास पाठवलेली. ह्यांनी एक टरबूज उचललं, तर ते हातात मऊ पडलं, खाप उडाली आणि आतलं सगळं टी-शर्टवर. हे तसेच उभे राहिले. मग एकेक करून सगळी बघितली.

"खाप काढली की हवा जाते आत," मी म्हटलं, कारण ते आता मला दिसतच होतं.

"मीच नापास केली समदी," हे म्हणाले. "चांगला माल व्हता. मीच हात लावून लावून नापास केला."

फोन करून सगळ्यांना नको म्हणून सांगू का, मी विचारलं. ह्यांनी नको म्हणून मान हलवली. मला समजलं. नको म्हणून सांगितलं असतं तर कोण येणार होतं आणि कोण नाही, हे कधीच कळलं नसतं.

टाकीत जेवढं पाणी होतं तेवढं मी ओतलं. खराट्यानं तो गुलाबी फेस गटाराकडे लोटत होते आणि तो मागं येत होता, माझ्या पायांच्या बोटांत शिरत होता. माझं अंग शहारत होतं. तोंडाला ओढणी बांधून, शिव्या देत देत मी सगळी टरबुजं फाटकाजवळ लोटली. हे मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडत होते. बसमध्ये जेवढी माणसं तेवढ्या खुर्च्या भाड्यानं आणलेल्या. मला त्या खुर्च्यांकडे बघवेना. मी आत जाऊन कांदे चिरायला घेतले. भजी करावीत, निदान तळणाचा वास तरी येईल, एवढाच विचार.

सांगितलेली वेळ झाली आणि गेली. हे फाटकाशी उभे. आमचा रस्ता दुपारचा मोकळा असतो; लांबून मोटरसायकल दिसली की हे ताठ व्हायचे, ती पुढं गेली की खांदे पडायचे. मी भज्यांच्या कढईसमोर देवाला म्हणत होते, एक तरी येऊ दे. एक. त्या टरबुजांचं काय वाटेल ते होऊ दे.

चार आले. दोन मोटरसायकलींवर चार. त्या सगळ्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये चार माणसं फार थोडी दिसतात. पण आली. फाटकातच त्यांना वास लागला. त्यातल्या एका जाड मिशीवाल्यानं ढिगाजवळ वाकून वास घेतला आणि ओरडला, "भाई, क्या करे ये? पूरी दारू बना डाले!"

ह्यांचा चेहरा पडला. "सगळी खराब झाली राव," हे म्हणाले. "तपासायला गेलो आन्..."

"तपासली? खाप पाडून? सगळी?" दुसरा म्हणाला, आणि मग ते चौघं जे हसत सुटले! एक तर खुर्चीत मावेना. मला इतका संताप आला की झारा घेऊनच मी बाहेर आले. बोलणारच होते. पण बघितलं तर हेसुद्धा हसत होते. टोपी वाकडी, टी-शर्टवर गुलाबी डाग, डोळ्यांत पाणी, आणि हसत होते.

भजी खाता खाता ते मिशीवाले मला म्हणाले, "भाभी, तुमकू मालूम नै. गर्मी में भाई के हाथ का तरबूज खाए बगैर हम घर नै गए कभी." मी म्हटलं, कसलं टरबूज? मग त्यांनी सांगितलं. उन्हाळा लागला की पहिली शिफ्ट सुटल्यावर हे कंपनीच्या गेटसमोरच्या गाडीवरून टरबूज घ्यायचे. मागच्या सीटवर पेपर अंथरून, चालत्या बसमध्ये, स्पीडब्रेकर सांभाळत कापायचे. अख्ख्या बसला फोड जायची, ड्रायव्हरला सगळ्यात आधी. थेंब सांडायचा नाही.

"यंदा आम्ही आणलं व्हतं एकदा," एक जण म्हणाला. "कापायला कुणाला जमंना. वळणावर गेलं निसटून, पार पुढपर्यंत घरंगळत. ड्रायव्हरनं गाडी थांबवून शिव्या घातल्या. आता बंद केलंय."

"घरी का नाही आणलं कधी?" मी ह्यांना विचारलं. सगळ्यांसमोरच विचारलं.

हे भज्यांची ताटली पुढं सरकवायला लागले. मिशीवालेच बोलले, "वो तो बोलते थे ना, घर में बीवी कू बास नै चलती. उतरने के पहले बॉटल के पानी से हाथ धोते थे, मुँह धोते थे. हम लोगां मजाक उडाते थे, भाभी से डरते बोलके."

मी झारा घेऊन आत गेले. कढईतली भजी करपली होती. मी ती काढली आणि दुसरा घाणा टाकला, आणि त्या तळणाच्या धुरात थोडा वेळ उभी राहिले. एवढा काळ माझ्या घरात तो वास आला नाही, हे माझं नशीब नव्हतं.

जाताना चौघांनी मिळून ती सगळी सडकी टरबुजं गोण्यांत भरली, घंटागाडीसाठी फाटकाबाहेर रचून दिली. हात धुवायला पाणी नव्हतं, तर पायजम्यालाच पुसले. "आता येत जा राव," हे म्हणाले. "येतो की काका, येणारच," ते म्हणाले, आणि मोटरसायकली गेल्या. तो "येतो की" मला ऐकू आला. ह्या वेळी ह्यांनाही ऐकू आला असावा, कारण हे फाटकाशी थांबले नाहीत. लगेच खुर्च्या एकात एक घालायला लागले. त्या माणसांचीही चूक नव्हती. त्यांची शिफ्ट आहे, त्यांची पोरंबाळं आहेत.

त्यानंतर घरात टरबूज आलं नाही. उशी माळ्यावर गेली, छत्री, घड्याळ, टोपी, सगळं ह्यांनी स्वतःच बांधून वर टाकलं. नळाला पाणी आल्यावर मी फरशी रगडून धुतली, फ्रीज लिंबानं पुसला. दुधाला दुधाचा वास यायला लागला. मला जे हवं होतं ते सगळं झालं होतं. हे खुर्चीत बसून मोबाइल बघायचे. फोन वाजला तरी आता दचकायचे नाहीत.

मी किती दिवस बघत बसणार? एका दुपारी धागे आणायला गेले होते, येताना मुकुंदवाडीच्या कोपऱ्यावर गाडी दिसली. मी लांबूनच बोट दाखवलं. "कापून दाखवू का मावशी, लाल हाय का?" त्यानं विचारलं. "सुरी लावशील तर याद राख," मी म्हटलं. रिक्षात ते माझ्या पायाशी लोळत होतं आणि मी पाय वर घेऊन बसले होते.

घरी आल्यावर ह्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"अंगणात चला," मी म्हटलं. "घरात नाही."

ह्यांनी सावलीत पेपर अंथरला. मी स्टूल घेऊन समोर बसले, पदराचा बोळा नाकाला दाबून. सुरी गेली, तो वास सुटला आणि माझ्या घशाच्या मागं जाऊन बसला. ह्यांनी फोड हातात घेतली, पण तोंडाला लावली नाही.

"तू जा आत," हे म्हणाले. "उगं त्रास."

"तुम्ही खा. आणि बोला काहीतरी. बसमध्ये काय बोलायचात?"

हे आधी लाजले. मग एका नव्या ड्रायव्हरची गोष्ट सांगायला लागले, जो पहिल्याच दिवशी बस घेऊन चुकून दुसऱ्याच कंपनीच्या गेटात शिरला होता. फुरके मारत मारत सांगत होते. रस कोपरापर्यंत ओघळत होता, हनुवटीला एक बी चिकटली होती, माश्या जमल्या होत्या. मला उमळून येत होतं. मी उठले नाही.